खबरबाईंचा सोमवार

खबरबाईंबद्दल लिहा, असं मला अनेकांनी सांगितलं. आमच्या विभागाचे जुने विद्यार्थी सांगत, संस्थेच्या स्मरणिकेचे संपादक सांगत, घरातूनही सांगून झालं. दर वेळी मी डोळ्यांचं कारण पुढे केलं. खरं म्हणजे मोतिबिंदू काढून बराच काळ लोटला आणि आता मला समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडेही कुणाचे ते ओळखू येतात. टाळण्याचं कारण दुसरं होतं. बाईंबद्दल लिहायला बसलो की कधी ना कधी कॉलेजच्या एका व्हरांड्यात येऊन थांबावं लागणार, आणि तिथे हातात किल्ल्या घेऊन मी उभा आहे. इतकी वर्षं मी त्या व्हरांड्याच्या अलीकडूनच परत फिरत आलो. आता बाई गेल्या. आता तरी तिथपर्यंत जायला हवं.

बाई आमच्या लोकप्रशासन विभागात शिकवत. जालन्यातल्या आमच्या कॉलेजात एम. ए.चा वर्ग होता, मी विभागप्रमुख होतो आणि त्या माझ्यानंतर काही वर्षांनी लागल्या. हजेरीपटावर त्यांचं भारदस्त नाव होतं, पण शहरातल्या आमच्या मस्तगड भागातल्या पोरांनी त्यांना 'खबरबाई' करून टाकलं आणि तेच टिकलं. त्याला कारण होतं. आपल्या विषयाच्या मुलांसाठी कुठे काही निघालं, एखादी फेलोशिप, एखादं प्रशिक्षण, जिल्हा परिषदेत उन्हाळ्यात शिकाऊ म्हणून काम, आणि ते बाईंना कळलं, की ते सांगितल्याशिवाय त्यांना बसवत नसे. अक्षरशः बसवत नसे. स्टाफरूममध्ये चहाचा कप हातात घेऊन त्या उभ्याच असत आणि शिपाई म्हणे, आज काहीतरी निघालेलं दिसतंय.

एकदा बसस्टँडवर मी त्यांच्यासोबत होतो. त्यांना टेंभुर्णीला, त्यांच्या गावी जायचं होतं, मला कुणाला तरी गाडीत बसवून द्यायचं होतं. अंबडची एसटी फलाटावरून मागे निघाली होती आणि बाईंना खिडकीत आमच्या वर्गातली एक मुलगी दिसली. बाई सरळ जाऊन गाडीपुढे उभ्या राहिल्या. हातात पिशवी, पिशवीत मोसंबी. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. कंडक्टर दारात येऊन म्हणाला, "मॅडम, बसायचं का?"

"बसायचं न्हाई, सांगायचंय," बाई म्हणाल्या आणि खिडकीखाली जाऊन त्या मुलीला एका अर्जाची मुदत वाढल्याचं सांगितलं. तेवढ्यावर भागलं नाही. तिच्याकडून ते परत वदवून घेतलं. तोपर्यंत अख्खी गाडी ऐकत होती. कंडक्टर घंटी मारताना म्हणाला, "मॅडम, माझा पोरगा बारावीला हाये, त्याच्यासाठी काही निघालं तर आम्हालाबी थांबवा." बाईंनी त्याला बिलकुल हसण्यावारी नेलं नाही. पोराची शाखा कोणती, ते विचारून घेतलं.

सोमवारचा पहिला तास त्यांचा असे. विषय प्रशासकीय विचारवंत. पण विचारवंतांना पहिली पंधरावीस मिनिटं बाहेर थांबावं लागे, कारण आधी खबर होई. बाई टेबलाजवळ उभ्या राहत, चष्मा कपाळावर सरकवत आणि विचारत, "घनसावंगीची गाडी आली का?" गाडी आली नसेल तर खबर सुरू होत नसे. वर्गात बसलेली शहरातली मुलं चुळबुळ करत, की आम्ही वेळेवर येतो त्याचं काय. बाई म्हणत, "तुमची गाडी तुमच्या पायात हाय. त्यांची डेपोत हाय." मग धापा टाकत ती चारदोन पोरं आत येत, मागच्या बाकांवर आदळत, आणि मगच बाई तोंड उघडत.

खबर सगळ्यांना एकदम कळली पाहिजे, एकाच जागी, एकाच वेळी. हा त्यांचा नियम होता. कुणी मधल्या सुट्टीत हळूच येऊन विचारलं, मॅडम, काही निघालंय का, तर त्या त्याला सोमवारपर्यंत थांबायला लावत. मुदत अगदीच जवळ असेल तर वर्ग बोलावत, फोन करून गोळा करत, पण एकट्यादुकट्याला सांगत नसत. मी एकदा याबद्दल छेडलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, माझ्या शिकायच्या वेळी खबर कानात फिरायची. ज्याचा काका हापिसात, त्याला आधी. त्याच्या दोस्ताला मंग. आमच्यापर्यंत येईस्तोवर तारीख निघून गेलेली असायची. आमचा काका हापिसात नव्हता." टेंभुर्णीच्या बौद्धवाड्यातून एम. ए. झालेल्या त्या पहिल्या. हे त्यांनी रागाने नव्हे, गाडीचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं, आणि मला वाटतं म्हणूनच ते लक्षात राहिलं.

त्यांची दुसरी रीत म्हणजे प्रत्येक खबर दोनदा वाचायची. पहिल्यांदा आली तशी, कचेरीच्या भाषेत. "इच्छुक व पात्र विद्यार्थ्यांनी आवश्यक त्या कागदपत्रांच्या साक्षांकित प्रतींसह विहित मुदतीत विहित नमुन्यात अर्ज सादर करावेत." हे त्या इतक्या गंभीरपणे वाचत की समोर जिल्हाधिकारी बसलेत असं वाटावं. मग कागद खाली ठेवत. "बरं. आता आपल्या भाषेत. ज्याला जायचंय त्यानं कागदं घेऊन शनिवारच्या आत माझ्याकडं या. झेरॉक्सवर सही लागती, ती मी करते. रविवारी आलात तर चहा पाजीन, पण फॉर्म न्हाई भरून देणार." पोरं हसत, आणि हसता हसता त्यांना सगळं कळलेलं असे.

कळलंय की नाही, हेही त्या तपासत. मागून दुसऱ्या बाकावरच्या कुणाला तरी उभं करत आणि विचारत, "काय सांगितलं मी?" तो अडखळला तर पुन्हा पहिल्यापासून. मोबाइल सगळ्यांच्या हातात आले, विभागाचा ग्रुप निघाला, तेव्हा मी सुचवलं, की आता हे वाचन बंद करून ग्रुपवर टाकत चला. बाईंनी टाकायला सुरुवात केली, वाचनही चालूच ठेवलं. म्हणाल्या, "टाकलं म्हंजे पोचलं असं न्हाई ना सर. खाली दोन निळ्या रेघा येत्यात, पण पोराच्या डोक्यात काय आलं ते कुठं दिसतं?" मी आयुष्यभर प्रशासनातलं संप्रेषण हे प्रकरण शिकवलं. त्या प्रकरणात हे वाक्य कुठे नव्हतं.

आमच्याकडच्या मुलांना लोकप्रशासन म्हणजे स्पर्धा परीक्षा एवढंच ठाऊक. साहेब व्हायचं, नाहीतर काहीच नाही. आणि बहुतेकांच्या वाट्याला दुसरंच यायचं. बाईंनी त्यांना मधली सगळी दारं दाखवली. गावाच्या कामांचं सामाजिक लेखापरीक्षण करायला माणसं लागतात, पाणलोटाच्या कामावर माहिती गोळा करणारे लागतात, ग्रामपंचायत सदस्यांना शिकवणारे प्रशिक्षक लागतात, हे मला स्वतःला त्यांच्या सोमवारमुळे कळलं. "हे आपल्यासाठी नसतं, मॅडम" हे वाक्य त्यांच्या वर्गात बंद होतं. बोलणाऱ्याला शिक्षा असे: त्याच संधीचा अर्ज त्यानेच भरायचा. एक पोरगा अशा शिक्षेतून पुण्याला उन्हाळी शिबिराला गेला आणि तिथून परत आला तो बोलतच आला. आजही तो बोलतच असतो, सरपंचांना शिकवतो.

मला मात्र त्या चिडवायच्या. आमचं घर मस्तगडात कित्येक पिढ्यांचं. घरात लहानपणी 'आल्तो-गेल्तो' असंच बोलणं होतं. नोकरी लागल्यावर मी ते सोडलं ते सोडलंच. पुढे घरीही मी टिपणी लिहावी तसा बोलायला लागलो. एकदा बाई आजारी असताना सोमवारची खबर मी वाचली. कचेरीची भाषा झकास जमली. "आता आपल्या भाषेत," असं म्हणून मी थांबलो आणि पुढे पुन्हा कचेरीचीच भाषा आली. पोरांनी माना खाली घातल्या. बाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, तुमची आपली भाषा कुठं फायलीत लागली का काय?"

मनीषा त्यांच्याकडे आली ती याच काळात. जांब समर्थची मुलगी. वडिलांचं देवळाबाहेर प्रसादाचं दुकान, नारळ, साखरफुटाणे, उदबत्त्या. मुलगी हुशार, अबोल, आणि एका गोष्टीबद्दल हट्टी: तिला मुंबईला मंत्रालयाचं कामकाज आतून बघायचं होतं. वडिलांचं म्हणणं, मुलगी एकटी मुंबईला राहणार कुठे. बाई दोन वर्षांत किती वेळा जांबला जाऊन आल्या, कुणास ठाऊक. एकदा मलाही घेऊन गेल्या होत्या. बाई दुकानाच्या फळीवर बसल्या, गिऱ्हाइकांना नारळ काढून दिले आणि मधूनमधून मुंबईचा विषय काढला. शेवटी मनीषाचे वडील म्हणाले, "मॅडम, सरकारचं काम असलं, राह्यची सोय सरकारनं केलेली असली, तर मी न्हाई म्हणत न्हाई. पण ही दिवाळी. दिवाळीनंतर मी स्थळं बघायला मोकळा."

"बराबर," बाई म्हणाल्या. "दिवाळीपर्यंत."

परतताना गाडीत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "सर, आता फक्त निघायला पाहिजे."

आणि ते निघालं. इथून पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्याच्या आदल्या वर्षी बाईंच्या हातून एक घोटाळा झाला होता. एका प्रशिक्षणाची ऐकीव बातमी त्यांनी वर्गात सांगितली, पोरं मोठ्या उत्साहाने शेजारच्या जिल्ह्याला गेली, आणि तिथे कळलं की तो कार्यक्रम रद्द झालाय. पोरं जाऊन आली, दोन दिवस कुरकुरली आणि विसरली. प्राचार्य विसरले नाहीत. त्यांनी मला बोलावून सगळ्यांसमोर सुनावलं, की तुमच्या विभागात कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. ते मला लागलं. मी बाईंना सांगितलं, यापुढे अधिकृत पत्र हातात आल्याशिवाय वर्गात काही सांगायचं नाही. बाईंना ते पटलं नव्हतं. पण चूक त्यांची होती आणि बोलणी मी खाल्ली होती, म्हणून त्या म्हणाल्या, "ठीक आहे सर. शब्द देते."

तर त्या पावसाळ्याच्या अखेरीस मुंबईहून वसीमचा फोन आला. वसीम आमचाच जुना विद्यार्थी, बाईंच्या एका सोमवारमधून निघून तिकडच्या एका कार्यालयात लागलेला. लोकप्रशासनाच्या एम. ए.च्या मुलांसाठी वर्षभराची फेलोशिप निघाली होती. मंत्रालयाच्या विभागांत काम, मुलींना राहायला सरकारी वसतिगृह. विभागप्रमुखाच्या शिफारशीसह अर्ज करायचा होता. पत्रं सगळ्या कॉलेजांना निघतायत, पण मॅडम, मुदत कमी आहे, जल्दी करा, असं त्याने सांगितलं.

बाई माझ्या खोलीत आल्या तेव्हा उभ्याच होत्या. मी बसा म्हटलं, बसल्या नाहीत. सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, सोमवारी वाचते. मी म्हटलं, पत्र येऊ द्या. त्या म्हणाल्या, वसीम खोटं सांगायचा नाही. मी म्हटलं, वसीमचा प्रश्नच नाही, मार्गाचा प्रश्न आहे.

"मनीषाची दिवाळी हाय, सर."

"मॅडम, आपण लोकप्रशासन शिकवतो. योग्य मार्ग आपणच सोडला तर पोरांना काय तोंडाने शिकवायचं?"

त्यांनी टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "मंग तुम्ही एक फोन लावा ना सर. विभागप्रमुख म्हणून. विचारून घ्या." मी लावतो म्हणालो. लावला नाही. पत्र येईलच, असं मी स्वतःला सांगितलं.

शिस्तीचं कारण खरं होतं. पण तेवढंच कारण होतं असं लिहिलं तर पुन्हा खोटं होईल. मुलं माझ्या खोलीवरून जात आणि बाईंच्या टेबलाशी थांबत. विभाग माझा, पाटी माझ्या नावाची, आणि बाहेरगावाहून कुणी जुना विद्यार्थी आला की विचारी, मॅडम आहेत का. त्या दिवशी बाई माझ्यासमोर परवानगी मागत उभ्या होत्या आणि ते मला, आज कबूल करतो, बरं वाटलं होतं.

दोन सोमवार गेले. दोन्ही सोमवारी बाईंनी दुसऱ्याच खबरी वाचल्या, एक निबंध स्पर्धा आणि एक चर्चासत्र. मी शेजारच्या वर्गावर होतो, मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. घनसावंगीची गाडी आली का, हेही विचारलं त्यांनी. मनीषा त्याच गाडीने यायची.

पत्र आलं ते मुदत उलटून गेल्यावर. टपालात कुठे अडकलं, ते कळायला मार्ग नव्हता. मी ते वाचलं, आवक नोंद करून घेतली आणि टेबलावर ठेवलं. बाईंना सांगायचं कसं, याचा विचार करत होतो. विचार पुरा व्हायच्या आत वसीम आला.

सुट्टीवर आला होता बिचारा, बाईंसाठी मुंबईहून मिठाई घेऊन. तास नुकताच सुटला होता, विभागाच्या बाहेर व्हरांड्यात सगळा वर्ग होता आणि बाई दारात. मी खोली बंद करून निघालो होतो, हातात किल्ल्यांचा जुडगा. वसीमने बाईंना वाकून नमस्कार केला आणि मोठ्या आवाजात विचारलं, "मॅडम, आपल्याकडून किती अर्ज गेले? मी तर लगेच फोन केल्ता तुम्हाला. आपलं एक तरी नाव असंल म्हणून यादी बघून राह्यलो, एक नाव न्हाई."

निघालेली पोरं मागे वळली. कुणीतरी विचारलं, कसले अर्ज? वसीमने सांगितलं. वसतिगृहाचंही सांगितलं. त्याला वाटत होतं, तो नवीन काही सांगत नाहीये.

मनीषा खांबाला टेकून उभी होती. तिने बाईंकडे पाहिलं. आणि बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

त्यांनी काही खूण केली नाही. नुसत्या थांबल्या, एखाद्याला बोलायला जागा करून द्यावी तशा. मला एकच वाक्य म्हणायचं होतं: त्यांना मी थांबवलं होतं. मी खाली बघून जुडग्यातली एक किल्ली शोधायला लागलो. कुलूप तर माझं आधीच लावून झालं होतं.

"माझ्याकडून राहिलं, पोरांनो," बाई म्हणाल्या.

पुढच्या सोमवारी त्यांनी नेहमीप्रमाणे खबर वाचली. दोनदा वाचली. मग मागून दुसऱ्या बाकावरच्या मुलाला उभं केलं आणि विचारलं, काय सांगितलं मी? तो मुलगा वाईट नव्हता. पण तो म्हणाला, "मॅडम, आज सगळं सांगितलं का?" हे मला त्याच मुलाने नंतर कधीतरी सांगितलं. बाईंनी कागदाची घडी घातली आणि विचारवंतांचं प्रकरण उघडलं. त्यानंतर सोमवारची खबर झाली नाही. ग्रुपवर मजकूर येत राहिला, निळ्या रेघाही येत राहिल्या असतील.

मी त्यांच्याशी बोललो का? त्या आठवड्यात एकदा बोलायला गेलो. तोंडातून निघालं ते असं, की मॅडम, झाल्या प्रकाराचं मला वाईट वाटतं. झाला प्रकार. जणू तो आपोआप झाला होता. बाई म्हणाल्या, "तुम्ही विभागप्रमुख आहात सर. शब्द दिल्ता मी." तेवढंच. दिवाळीनंतर मनीषाचं लग्न ठरलं, परीक्षेआधी झालंही. बाई लग्नाला गेल्या होत्या. मी आहेराचं पाकीट त्यांच्याकडे दिलं.

वर्ष संपताना बाईंनी संस्थेच्या जाफराबादकडच्या कॉलेजात बदली मागून घेतली. आई थकली आहे, टेंभुर्णीहून जाणंयेणं सोपं पडेल, असं कारण दिलं. निरोपाच्या कार्यक्रमात मी भाषण केलं. काय बोललो ते आठवत नाही, टाळ्या पडल्या ते आठवतं. शेवटच्या दिवशी त्या कपाटाची किल्ली द्यायला माझ्या खोलीत आल्या. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, मॅडम, ते त्या वेळचं... आणि शिपाई चहा घेऊन आला. तो गेल्यावर मी पुन्हा सुरुवात करू शकलो असतो. पण तोवर बाई उठल्या होत्या.

"सर, सोमवारचा पहिला तास रिकामा ठेवू नका," त्या म्हणाल्या. "पोरांना सवय हाय."

मी निवृत्त होईपर्यंत दर सोमवारी खबर वाचली. कचेरीच्या भाषेत, एकदाच. पोरं मुकाट्याने लिहून घेत. घनसावंगीच्या गाडीसाठी मात्र थांबायचो. तेवढं मला जमलं.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी एकदा ठरवून टेंभुर्णीला गेलो. बाईही तोवर घरी बसल्या होत्या, प्रकृती बरी नव्हती. अंगणात खुर्ची टाकून मला बसवलं, घरात थालीपीठ करायला सांगितलं, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "सर, तुमचा नातू काय करून राह्यला? पंचायतीच्या योजनांवर संशोधन करायला पोरं पाहिजेत एका ठिकाणी. लिहून घ्या." मी लिहून घेतलं. त्यांनी मला परत म्हणायला लावलं. मी म्हटलं, तर खूश झाल्या आणि हसत म्हणाल्या, अजून फायलीतून निघाला नाहीत तुम्ही. गल्लीतली दोनचार पोरं कुंपणाशी उभी राहून ऐकत होती. त्यांच्या सगळ्या खबरी आता तिथे चालत होत्या. मला इतकं बरं वाटलं त्या अंगणात, की जे बोलायला आलो होतो ते काढून ती दुपार मोडावी असं वाटेना. मी स्वतःला सांगितलं, पुढच्या खेपेला. मी परत निघालो तेव्हा त्या फाटकापर्यंत आल्या होत्या आणि हात हलवत होत्या.

पुढची खेप झाली ती बाई गेल्यावर, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला.

मांडव भरला होता. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, बरीचशी आमचीच मुलं, आता पिकू लागलेल्या केसांची. बुद्धवंदना झाली आणि एकेक जण बोलायला उठला. कंडक्टरचा तो मुलगाही होता, आता कुठल्याशा तालुक्याला अधिकारी आहे. मग मनीषा उठली. ती ग्रामसेवक आहे, चांगलं काम करते असं ऐकून होतो. पदर खोचून उभी राहिली आणि कागद न घेता बोलली. जांबचं दुकान, फळीवर बसून नारळ काढणाऱ्या मॅडम, सगळं सांगितलं. लग्नानंतरही मॅडम दर महिन्याला फोन करायच्या आणि भरती निघाली की अर्ज भरून घ्यायच्या, तेही सांगितलं. लोक मधूनमधून हसत होते. शेवटी ती म्हणाली, "मॅडमनं आयुष्यात एकच खबर माझ्यापासून लपवली. का लपवली ते मी कधी विचारलं न्हाई. राग आल्ता, मंग गेला. माणूस हाय, चुकतं. पण विचारायला पाहिजे होतं, असं आता वाटतंय."

आणि ती खाली बसली. सूत्रसंचालन करणाऱ्याने माझं नाव घेतलं, आमचे जुने विभागप्रमुख म्हणून, आणि माइक माझ्या हातात दिला.

समोर मनीषा होती. तिचं ते बोलणं होऊन अजून मिनिटही झालं नव्हतं. त्या मांडवात उत्तर ठाऊक असलेला मी एकटाच होतो. एवढं सोपं पुन्हा कधी होणार नव्हतं. मी माइक हातात धरला आणि बाईंच्या शिस्तीवर बोललो. वक्तशीरपणावर बोललो. विभागाच्या जडणघडणीतलं त्यांचं योगदान, हे शब्द मी वापरले. खाली बसलो तेव्हा शेजारच्याने माझा हात दाबला, त्याला वाटलं मला गहिवरून आलंय.

मनीषाला फोन करून सांगावं, असं नंतर पुष्कळदा मनात आलं. नंबर आहे माझ्याकडे. पण एकटीच्या कानात सांगितलेलं बाईंना चाललं नसतं. ज्यांच्यासमोर त्यांनी 'माझ्याकडून राहिलं' म्हटलं, त्या सगळ्यांना एकदम कळायला हवं, म्हणून हे छापायला देतो आहे. घनसावंगीची गाडी आलेली आहे, असं धरून चालतो.

बाईंची माफी मात्र राहिली. मनात ती मी किती वेळा तयार केली, आणि दर वेळी ती तशीच आली: 'तत्कालीन परिस्थितीत विभागप्रमुख या नात्याने घेतलेल्या निर्णयामुळे आपणांस झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहे.' बाईंनी हे शेवटपर्यंत ऐकून घेतलं असतं. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या असत्या, बरं, आता आपल्या भाषेत.

मॅडम, मनीषाची खबर तुम्ही न्हाई दाबली. मी दाबायला लावली. वसीम आल्ता त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी थांबल्या होत्या, आणि मी बोललो न्हाई. मला माफ करा.